मूळ प्रत पाहिली

सत्याला कुणाच्याही आधाराची गरज नसते, असे थोर माणसे सांगून गेली आहेत. थोर माणसांना कधी प्रवेशाचा फॉर्म भरावा लागला नसणार. सत्याला आधार लागतो. तो साडेपाच सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद असतो, त्याला लाकडी मूठ असते, आणि दर दोन आठवड्यांनी त्याच्या गादीवर जांभळी शाई ओतावी लागते. आमच्या कॉलनीपुरता हा आधार एकवीस वर्षे माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, नेलकटर आणि बंद पडलेले घड्याळ यांच्या मधोमध, ठेवलेला होता.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. विद्यार्थी आले तर शिकवतो, असे म्हणणे जास्त तर्कशुद्ध होईल. एखादी झेरॉक्स मूळ कागदाबरहुकूम आहे, असे शिक्का मारून सांगण्याचा अधिकार काही ठरावीक हुद्द्यांच्या माणसांना असतो. त्या यादीत माझा हुद्दा शेवटून दुसरा. शेवटचा गुरांच्या डॉक्टरांचा. आमच्या भागात गुरांचे डॉक्टर एकच होते आणि ते बहुतेक वेळ गुरांकडेच असत. त्यामुळे आसपासचे सगळे सत्य माझ्या दारात येई.

शिक्क्यावर इंग्रजीत दोन शब्द होते : ट्रू कॉपी. त्यातला दुसरा लोकांनी कधीच सोडून दिला होता. "सर, एवढं ट्रू करून द्या." "सर, दोन ट्रू मारा." "सर, मागच्या वेळचं ट्रू पुसट आलंय, जरा दाबून करा." मराठीत खरे बोलता येते, खरे वागता येते, वेळ पडली तर खरे करूनही दाखवता येते, पण खरे मारता येत नाही. ती सोय या इंग्रजी शब्दाने केली. एकदा हौसेने मी जाड शब्दकोश काढून पाहिला. ट्रू म्हणजे खरा. ट्रू म्हणजे एकनिष्ठ. आणि फिरताना जे डगमगत नाही, त्या चाकालाही ट्रूच म्हणतात. एकवीस वर्षे मी या तिसऱ्या अर्थाने ट्रू होतो. कागद समोर आला की हात फिरायचा. डगमगत नसे.

मूळ कागद पाहायचा असतो हे मला माहीत नव्हते असे नाही. पण रविवारी सकाळी शेजारी दोन झेरॉक्स घेऊन उभा आहे, आणि त्याला "मूळ दाखवा" म्हणायचे, हे पाहुण्याला जेवायला बोलावून दारातच त्याचे खिसे तपासण्यासारखे वाटे. शिवाय खरे सांगायचे तर (हे मी कुठल्याही शिक्क्याशिवाय सांगतो आहे) मला ते रविवार आवडत. घरात माझ्या शब्दाला कधी किंमत नव्हती. भाजी कुठली आणायची इथपासून पडदे कुठल्या रंगाचे इथपर्यंत सगळे निर्णय मला वर्तमानपत्रातल्या बातमीसारखे, झाल्यानंतर कळत. पण रविवारी नऊ ते अकरा माझ्यापुढे रांग असे. हिलाही त्याचा थोडा अभिमान होता. "आमच्या ह्यांच्या सहीशिवाय या कॉलनीत कुणी पासच होत नाही," असे ती बहिणीला फोनवर सांगताना मी ऐकले आहे.

तर अशा या सुखाच्या दिवसांत, एका सोमवारी, मला पत्र आले.

पत्र वरच्या कार्यालयाचे होते आणि त्यात एकच वाक्य होते : आपण साक्षांकित केलेली सोबतची प्रत मूळ प्रतीशी जुळत नसल्याचे निदर्शनास आले असून, साक्षांकन करताना आपण मूळ प्रत पाहिली होती काय, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत सादर करावा. सोबतची प्रत मी उजेडात धरली. ती झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स असावी. कागद काळाकुट्ट होता. कुणाचे नाव, कसले प्रमाणपत्र, कुठले साल, काही म्हणजे काही दिसत नव्हते. फक्त खाली कोपऱ्यात माझी सही लख्ख उमटली होती. तिच्याखाली दुसऱ्या कुठल्या तरी साहेबाचा शिक्का होता : ट्रू कॉपी.

एरवी असे पत्र मी फायलीत लावून विसरलो असतो. पण आमचे प्राचार्य त्याच महिनाअखेर निवृत्त होत होते आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत पहिला मी होतो. दुसरे प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख, माझ्याहून चार महिन्यांनी कनिष्ठ. या चार महिन्यांच्या आधारावर मी गेली सात वर्षे त्यांच्याशी प्रेमाने वागत आलो होतो. खुर्चीसाठी मी एक कोटही शिवायला टाकला होता. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिंप्याचे दुकान आहे, त्याच्याकडे. कापड राखाडी.

प्राचार्यांनी पत्र वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"ज्याच्यावर खुलासा बाकी आहे त्याच्याकडे कार्यभार सोपवता येत नाही," ते म्हणाले. "नियमच आहे तसा. काय लिहिणार आहात?"

"सर, मुळात कागद कुठला ते तर कळायला हवं."

"ते कशाला? त्यांनी कागद कुठला ते विचारलेलं नाही. मूळ पाहिलं होतं का, एवढंच विचारलंय."

तरी मी तर्कशास्त्राला जागून वरच्या कार्यालयाला लिहिले की सोबतची प्रत वाचता येत नाही, कृपया वाचनीय प्रत पाठवावी. नवव्या दिवशी उत्तर आले. कार्यालये संथ असतात असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आपणास पाठवलेली प्रत मुळाबरहुकूम असल्याचे साक्षांकित केलेले आहे, सबब ती वाचनीय नाही हे आपले म्हणणे मान्य करता येत नाही.

पण मधल्या काळात मी गप्प बसलो नव्हतो. माणसाच्या इज्जतीला हात लागला की तो एक तर लाच देतो किंवा नियम करतो. मी नियम केले. इथून पुढे ट्रू म्हणजे ट्रू. शिक्केवाल्याकडे जाऊन मी नवा शिक्का करायला सांगितला : मूळ प्रत पाहिली.

"पाहिली, की तपासली?" शिक्केवाल्याने विचारले.

"फरक काय पडतो?"

"तपासली म्हटलं तर जबाबदारी येते साहेब. लोक पाहिलीच करून नेतात."

मी पाहिलीच केली. मग दोनशे पानी वही आणून तिच्यात रकाने आखले : अर्जदार, कागद, मूळ कुठल्या तारखेस पाहिले, मुळाच्या मागच्या बाजूचे वर्णन. मागची बाजू हा माझा स्वतःचा शोध होता. आणि दारावर कागद चिकटवला : मूळ प्रतीशिवाय कुणीही भेटू नये. ही म्हणाली, "मूळ प्रतीशिवाय भेटू नये म्हणजे? तुमची बहीण आली तर?"

रविवारी रांगेत अकरा जण होते. दाराचा कागद वाचून सात जण जिन्यातूनच परतले. उरलेल्यांत एकजण विम्याचे काम करणारा होता. त्याने लग्नाचा दाखला काचेच्या चौकटीत घालून भिंतीला लावला होता, तो खिळ्यासकट घेऊन आला.

"हे घ्या सर, याहून मूळ काय असणार!"

"मागची बाजू दिसत नाही," मी म्हणालो.

"मागच्या बाजूला पुठ्ठा आहे."

"पुठ्ठ्यामागे?"

त्याने चौकट उलटी करून पुठ्ठ्यावर टिचकी मारली. मग स्क्रू ड्रायव्हर मागितला. चौकट उघडताना काच फुटली, काचेने त्याचा अंगठा कापला आणि अंगठ्याने दाखल्यावर, बरोबर बायकोच्या नावावर, लाल ठसा उठवला. आता मुळावर डाग होता आणि झेरॉक्सवर नव्हता. म्हणजे झेरॉक्स मुळाबरहुकूम राहिली नाही. मी त्याला समजावून सांगितले की डाग पडलेल्या मुळाची नवी झेरॉक्स काढून आण. तो चौकटीचे चार तुकडे काखोटीला मारून गेला. त्या विम्यावाल्याने पुढे माझ्या पॉलिसीचे काय केले हा वेगळा विषय आहे.

हा प्रकार वरच्या मजल्यावरचे आबा जिन्यात उभे राहून पाहत होते. आबा कोर्टात टायपिस्ट होते. पस्तीस वर्षे दुसऱ्यांचे निकाल टाइप केल्यामुळे स्वतःचे निकाल द्यायची त्यांना घाई असे.

"सर, एक विचारू?" ते म्हणाले. "आता तुम्ही मूळ पाहून ट्रू करणार."

"हो."

"मग एकवीस वर्षं काय करत होतात?"

मी तर्कशास्त्राचा माणूस. प्रश्नात दोष नव्हता. म्हणून मी दार लावून घेतले.

याच आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, शिंप्याची मुलगी आली. हिच्याबद्दल सांगायला हवे. बाप तळमजल्यावर मशीन चालवी आणि ही आमच्या बैठकीत अभ्यास करी, कारण त्यांच्याकडे बसायला जागा नव्हती. जिथे माणूस बसू शकेल तिथे कपडे बसलेले असत. बारावीचा निकाल लागला तेव्हा गुणपत्रिका घेऊन ती आधी बापाकडे न जाता आमच्याकडे आली होती. मला काका म्हणे. आमच्या घरात माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती एकटीच होती.

"काका, फिजिओथेरपीचा फॉर्म निघालाय. मला पहिल्या यादीत नव्हतं मिळालं ना, आता रिकाम्या जागा भरतायत. शनिवारी शेवटची तारीख. एवढ्या तीन प्रती ट्रू करून द्या."

"मूळ?"

"मूळ कॉलेजात जमा आहे काका. बीएस्सीला प्रवेश घेतलाय ना."

"मागून घे."

"प्रवेश रद्द केला तरच देतात. आणि हे मिळालं नाही तर ते तरी हातात राहायला हवं."

विचार अगदी बरोबर होता. तो तिला मीच शिकवला होता. एक फांदी हातात असल्याशिवाय दुसरी सोडू नये, हे उदाहरण मी माकडासकट दिले होते.

"मग माझा नाइलाज आहे," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून ही बाहेर आली. हातात झारा होता. "अहो, नाइलाज कसला? पोर डोळ्यांपुढे वाढली. हिची गुणपत्रिका तुम्ही स्वतः पाहिलीय. या सोफ्यावर बसून पाहिलीय. रसायनशास्त्रात दोन मार्क कमी का पडले म्हणून तिला बोललात तेसुद्धा मला आठवतंय."

हे खरे होते. मी मूळ पाहिले होते. एकवीस वर्षांत मी जी मोजकी मुळे पाहिली असतील, त्यांतले हे एक. पण ते वही सुरू होण्याआधी पाहिले होते. त्याची नोंद नव्हती, तारीख नव्हती, मागच्या बाजूचे वर्णन नव्हते. पाहणे वेगळे आणि पाहिल्याचे दाखवता येणे वेगळे, हे मी दोघींना शांतपणे समजावून सांगितले. माझ्यावर चौकशी चालू आहे, महिनाअखेर खुर्चीचा प्रश्न आहे, हेही सांगितले. मुलीने ऐकून घेतले. ती नेहमीच ऐकून घेई.

"दुसऱ्या कुणाकडून घेऊ का काका? गुरांच्या डॉक्टरांकडे गेले होते, ते रजेवर आहेत."

"कुणाकडूनही घेशील. पण तो न पाहता मारील," मी म्हणालो. "मग ते ट्रू कसं होईल? सांग बरं."

तिने तिन्ही प्रती परत फाइलमध्ये घातल्या. फाइल छातीशी धरून खाली गेली. हिने झारा माझ्या टेबलावर, नव्या वहीवर, ठेवला. तेलाचा तो डाग अजून आहे.

शुक्रवारी संध्याकाळी दोघे आले, मुलगी आणि शिंपी. शिंप्याच्या गळ्यात टेप होती, तशीच. मुलीच्या हातात मूळ गुणपत्रिका, मूळ शाळा सोडल्याचा दाखला, मूळ सगळे. सकाळी बसने जाऊन तिने प्रवेश रद्द केला होता.

मला, खोटे कशाला बोलू, आनंद झाला. मी चष्मा पुसला, दिवा लावला. एकेक गुण बोटाने मुळावर आणि मग झेरॉक्सवर टेकवत वीस मिनिटे तपासले. मागच्या बाजूचे वर्णन लिहिले : कोरी, उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने पाच हा आकडा. मग आधी ट्रू कॉपी, त्याखाली मूळ प्रत पाहिली, त्याखाली सही, तारीख. शाई इतकी सुरेख उमटली की मला फुंकर मारायलाही जीव होईना. एकवीस वर्षांतले माझे ते पहिले खरे ट्रू होते.

"बघ," मी तिला म्हणालो, "आता जगात कुणीही याच्यावर बोट ठेवू शकणार नाही."

शिंपी इतका वेळ उभाच होता. आता म्हणाला, "सर, माप आम्हीपण दोनदा घेतो. पण त्यासाठी गिऱ्हाइकाला उघडं करत नाही."

माणूस कमी शिकलेला. मी मनावर घेतले नाही.

रविवारी कोटाची ट्रायल होती, म्हणून मी दुकानात गेलो. शिंप्याने कोट अंगावर चढवला, खांद्यापाशी खडूने खूण केली, आणि तोंडातली टाचणी न काढताच सांगितले, "शिक्का लागत नाही म्हणे."

"कसला शिक्का?"

"तुमचा. काल काउंटरवरच्या बाई हसल्या. म्हणाल्या, हे कशाला मारून आणलं? तुझी तूच सही कर आणि दे. शिक्के बंद होऊन तीन वर्षं झाली."

"पण फॉर्मवर छापलंय साक्षांकित प्रती जोडा म्हणून!"

"जुने छापलेले फॉर्म संपवतायत. हात वर करा."

मी हात वर केला. त्याने बगलेपाशी टाचणी लावली.

"मिळाली का जागा?" मी विचारले.

"दोन जागा होत्या. काल संध्याकाळीच यादी लागली, पोरीचा नंबर तिसरा."

"आणि बीएस्सीची?"

"ती शुक्रवारी दुपारीच भरली. यादीतलं पुढचं नाव लावलं त्यांनी." त्याने दुसऱ्या खांद्याला खूण केली. "खाली करा हात. आवळतंय का कुठं?"

मी नाही म्हणालो.

दुकानाच्या मागच्या बाजूला, कपड्यांच्या ढिगापलीकडे, मुलगी बसून शर्टांना बटणे लावत होती. मी तिच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून तिकडे वळलो. अंगात टाचण्या असल्यामुळे मला जपून वळावे लागले.

"अगं, काउंटरवरची माणसं काहीही ठोकून देतात," मी म्हणालो. "एवढा मोठा नियम बदलला असता तर मला कळलं नसतं का? त्यांना म्हणावं, लेखी दाखवा."

तिने दोरा दाताने तोडला. "हो सर," ती म्हणाली.

सर. काका नाही. मी ट्रायलचा कोट उतरवला तेव्हा एक टाचणी बगलेत रुतली, आणि मला ओरडायचीही सोय उरली नव्हती.

आबा जिन्यातच भेटले. बातमी त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोहोचली होती. "तुमची बाजू भक्कम आहे सर," ते म्हणाले. "तुम्ही तिला प्रवेश रद्द कर असं म्हणालात का? नाही. तुम्ही मूळ मागितलं. रद्द तिने केला." पस्तीस वर्षांत त्यांनी टाइप केलेल्या निकालांवर माझा पहिल्यांदाच विश्वास बसला. ते वाक्य मी घरी येऊन हिला ऐकवले. ही म्हणाली, "जेवायला वाढलंय," आणि आत जाऊन बसली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी नळाच्या पाण्याच्या वेळा सोडून काही बोलली नाही.

मंगळवार हा खुलाशाचा शेवटचा दिवस. मी प्राचार्यांच्या खोलीत कोरा कागद घेऊन बसलो. तर्काने पाहता उत्तरे तीनच होती. पाहिली होती. पाहिली नव्हती. आठवत नाही. पहिले खोटे होते. दुसरे खरे होते. तिसरे माझ्या वयाला शोभणारे होते.

"पाहिली नव्हती, असं लिहितो," मी म्हणालो. त्या क्षणी मला खरोखरच तसे वाटत होते. बटणे लावणारी मुलगी डोळ्यांपुढे होती. तिला ज्या मापाने मोजले त्या मापाने स्वतःला एकदा मोजावे, असे काहीसे मोठे विचार मनात येत होते.

प्राचार्यांनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख आपली स्कूटर सावलीत लावत होते.

"लिहा," प्राचार्य म्हणाले. "मग मी कार्यभाराचं पत्र त्यांच्या नावाने काढतो. तयारच आहे, फक्त नाव घालायचं राहिलंय."

मी लिहिले. होय. साक्षांकन करताना मूळ प्रत पाहिली होती. एकूण सात शब्द. अक्षर चांगले आले.

यातही एक खोच निघाली. खुलाशासोबत त्यांच्या पत्राची साक्षांकित प्रत जोडायची होती, आणि स्वतःच्या कागदावर स्वतःचा शिक्का चालत नाही. म्हणजे मला दुसरा अधिकारी शोधणे आले. खुलासा प्राचार्यांमार्फतच जाणार, म्हणून ते बाद; कॉलेजच्या इमारतीत उरला तो एकच. प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरण्या पुसत होते. मी झेरॉक्स पुढे केली. त्यांनी एका हाताने बरणी धरून दुसऱ्या हाताने खण उघडला.

"हे मूळ," मी दुसरा कागद पुढे करत म्हणालो. "पाहून घ्या."

"अहो, तुमच्यावर विश्वास नाही का?" ते म्हणाले, आणि कागदाकडे न पाहता शिक्का मारला, सही केली. बारा सेकंद. मी घड्याळात पाहिले होते. बरणीतला बेडूक मात्र सगळा वेळ माझ्याकडे पाहत होता.

चौथ्या दिवशी वरून पत्र आले : खुलासा समाधानकारक आहे. प्रकरण बंद. तो काळा कागद कुणाचा होता, कसला होता, त्या माणसाचे पुढे काय झाले, हे मला आजतागायत कळलेले नाही. कुणी विचारलेही नाही.

महिना संपला आणि मी प्रभारी प्राचार्य झालो. कोट आदल्या संध्याकाळी घरी आला. शिंप्याने स्वतः न येता इस्त्रीवाल्याच्या हाती पाठवला. मला वाटले होते, एखादी बाही आखूड असेल, एखादे बटण सैल असेल. निदान तेवढा राग तरी असेल. मी सगळी बटणे ओढून पाहिली. एकही हलले नाही. कोट इतका मापात होता की आरशासमोर मला जास्त वेळ उभे राहवेना.

पहिल्या दिवशी अभिनंदनाला सगळे आले. प्राणिशास्त्रवाल्यांनी फुले आणली. खुर्चीत बसल्यावर, नवा माणूस आल्याचे सगळ्यांना दिसावे म्हणून काही तरी स्वच्छ करायला काढावे लागते, तसे मी कार्यालयाबाहेरचा सूचनाफलक काढला. त्यावर कागदांवर कागद लावून बोटभर जाड थर झाला होता. शिपाई शिडीवर उभा राहून एकेक थर सोलत होता आणि मी खाली उभा राहून काय ठेवायचे, काय टाकायचे ते सांगत होतो. परीक्षांची जुनी वेळापत्रके, हरवलेल्या छत्र्या, कुठल्याशा वक्तृत्वस्पर्धेचा निकाल.

"हे काय करू सर?" शिपायाने एक पिवळा पडलेला कागद खाली दिला. "परिपत्रक आहे. वर्गावर्गात फिरवायच्या प्रती काढल्या होत्या, त्यातली उरलेली."

मी वाचले. यापुढे प्रवेशासाठी वा अन्य कुठल्याही कामासाठी साक्षांकित प्रतींची मागणी करू नये. अर्जदाराने स्वतः सही केलेली प्रत ग्राह्य धरावी. सर्व संस्थांनी हे परिपत्रक ठळक जागी लावून लोकांच्या निदर्शनास आणावे.

तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. खाली उजव्या कोपऱ्यात ट्रू कॉपीचा जांभळा शिक्का होता, आणि सही माझी होती.